भट्टी पेटली की आर्विद यायचा

आर्विद रुओना गेला तेव्हा त्याची बायको सिल्वी त्याच्याजवळ नव्हती. त्याला दूरच्या मोठ्या इस्पितळात हलवलं होतं आणि मार्चमधल्या वादळाने आमच्या कॅल्युमेट गावातून बाहेर पडायचा रस्ताच बंद करून टाकला. बर्फ काढणारी गाडीसुद्धा अर्ध्या वाटेत रुतून बसली. कोट-बूट घालून, पर्स मांडीवर घेऊन सिल्वी स्वयंपाकघरात रस्ता उघडायची वाट बघत बसली होती. रस्त्याच्या आधी फोन आला. मी शेजारीच बसले होते, फोन मीच उचलला. मी काही बोलायच्या आत तिने बूट काढायला सुरुवात केली.

ती रडली नाही. दफनाच्या दिवशीही नाही. एवढंच म्हणायची, "शेवटी काही म्हणाला असेल का गं? कुणाला तरी विचारायला हवं." तिने नर्सला फोन करून विचारलंसुद्धा. नर्स म्हणाली, झोपेतच गेले.

आमची घरं खाणकंपनीने बांधलेली, सगळी एकाच साच्यातली. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सिल्वीचं धुराडं दिसतं. माझा नवरा ओन्नी आणि आर्विद एकाच पाळीला खाणीत उतरायचे. खाण बंद पडून आता बरीच वर्षं झाली होती, पण तिथली धूळ दोघांनी छातीत भरून घरी आणली होती. आमच्या गल्लीत सकाळी पुरुष उठले की आधी खोकले ऐकू यायचे आणि मग दारं उघडायची.

सिल्वीच्या तळघरातली, घर ऊबदार ठेवणारी भट्टी आर्विदची लाडकी होती. लोखंडाचं बसकं, पोट सुटलेलं धूड, आणि त्यातून वर सगळ्या खोल्यांकडे गेलेले पत्र्याचे जाड हात. पूर्वी तिच्यात कोळसा घालत, नंतर आर्विदने गॅस जोडून घेतला. आत लोखंडी पेटीत जाळ पेटायचा, त्याचा धूर धुराड्यातून बाहेर जायचा, आणि पेटीबाहेर तापलेली हवा त्या हातांतून वर येऊन जमिनीतल्या जाळ्यांमधून खोल्यांत शिरायची. विषारी धूर आणि श्वासाची हवा यांच्यामध्ये काय ते त्या पेटीचं लोखंड. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. गल्लीत कुणालाच फारसं माहीत नव्हतं. भट्टी पेटते की नाही, एवढंच आम्ही बघायचो. आर्विद मात्र दर शरद ऋतूत तिच्याजवळ खुर्ची टाकून बसायचा, कुठे फट दिसली की लुकण भरायचा आणि तिच्याशी बोलायचा. सिल्वी वरून ओरडायची, "माझ्याशी कधी एवढा बोलला होतास का रे?"

तो गेला त्या वर्षी ऑक्टोबरमध्येच कडाक्याची थंडी पडली. सिल्वीने स्वतः खाली जाऊन भट्टी पेटवली. तीनचार दिवसांनी ती माझ्या मागच्या दारात उभी राहिली. डोक्याला रुमाल नाही, कोटाची बटणं उघडी.

"डेल्फी, एक सांगते, हसू नकोस."

"नाही हसत. आत तर ये आधी."

"आर्विद आलाय."

मी हातातली बशी खाली ठेवली.

"तळघरात असतो," ती म्हणाली. "खुर्ची सरकवतो. खोकतो. वर येत नाही, पण जाळीपाशी कान लावला की श्वास ऐकू येतो. घरीच आला ना शेवटी? तिकडे परक्या खाटेवर कसा राहील तो!"

ती घाबरलेली नव्हती. उलट कित्येक महिन्यांनी मला तिच्या चेहऱ्यावर तजेला दिसला. गाल तर लग्नातल्या नवरीसारखे लाल. मी म्हटलं, दुःखात माणसाला असं होतं. तिने मान हलवली, पण मला अजून कळायचंय अशी माझी कीव केल्यासारखी.

मग मी तिच्याकडे जास्त जाऊ लागले. घर कोंदट वाटायचं. खिडक्यांच्या काचांवरून आतून पाणी ओघळायचं. खिडकीतली जिरेनियमची झाडं पिवळी पडून गळाली होती. तिची मांजर तर घरात पाऊलच टाकेना, आमच्या ओसरीवरच्या खोक्यात येऊन राहिली. सिल्वी म्हणायची, "मांजरांना दिसतात ती माणसं. घाबरते बिचारी." हे ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा. कॉफी पिता पिता तिला मध्येच शब्द सापडायचे नाहीत. कपाळ दाबून बसायची.

"डोकं दुखतंय?"

"रोजचंच आहे. बाहेर गेलं की थांबतं. पण बाहेर तो नसतो ना."

एकदा संध्याकाळी अंधारून आलं असताना आम्ही दोघी तिथे बसलो होतो. खाली भट्टीने धडाम् करून पेट घेतला, पत्रे कडाडले आणि नंतर त्यामागून एक लांब, ओढल्यासारखा आवाज आला. सिल्वीने माझा हात घट्ट धरला. "ऐकलंस?" मी नाही म्हटलं. पण ऐकलं होतं. मी घाईघाईने घरी आले, तर माझंही डोकं ठणकत होतं आणि मळमळत होतं. मी ते भीतीच्या खात्यावर टाकलं.

ओन्नीला सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "भुताचं मला माहीत नाही. पण तिच्या जाळ्यांभोवती भिंतीवर काजळी धरलीय, ती मी बघितलीय. भट्टीवाल्याला बोलव म्हणावं."

नोव्हेंबरात सिल्वीने जवळच्या होटन गावातल्या एका कंपनीला फोन केला. बोड्री नावाचा माणूस आला. तरुण, चकचकीत बुटांचा, सतत घड्याळ बघणारा. मी तिथेच होते. तो थोडा वेळ खाली थांबला आणि वर येऊन म्हणाला, "आतली पेटी तडकलीय. दुरुस्ती होत नाही. सगळी भट्टीच बदलावी लागेल." आणि त्याने जी रक्कम सांगितली ती ऐकून सिल्वी खुर्चीवर बसली. तेवढ्यात एखादी बरी जुनी मोटार आली असती.

"तडा दाखवा मला," ती म्हणाली.

"बाई, तुम्हाला त्यात काय कळणार? आज सही केलीत तर याच आठवड्यात माणसं पाठवतो. नंतर भाव हाच राहील असं नाही."

"माझ्या नवऱ्याने ती भट्टी वीस वर्षं सांभाळलीय."

"म्हणूनच सांगतो, बाई. जुनी झालीय ती. मी तर म्हणेन, आजपासून पेटवूसुद्धा नका."

"बाहेर उणे पंधरा आहे," सिल्वी म्हणाली. "न पेटवता काय करू, तुमच्या बुटांकडे बघत बसू?"

त्याला हाकललं तेव्हा मला बरंच वाटलं, हे खरं सांगायला हवं. त्या वर्षांत सगळ्यांनी ऐकलेलं होतं: एकटी बाई दिसली की हे लोक तडा आहे म्हणून घाबरवतात आणि नवी भट्टी गळ्यात मारतात. तसे लबाड होतेही. त्यामुळे खरं बोलणाराही लबाडच वाटला. त्याने टॉर्च घेऊन तिला जरा खाली नेलं असतं, किंवा आम्हीच हट्ट धरला असता, तर पुढचं टळलं असतं.

मग आमच्या चर्चमधल्या ऊर्होला बोलावलं. ऊर्हो सगळ्यांचीच कामं करायचा, नळ, छप्पर, मोटारी. आर्विदचा जुना मित्र. आर्विद-सिल्वीसारखाच फिनिश भाषा बोलणारा, सिल्वीच्या वेलदोड्याच्या पावाचा भोक्ता. त्याने हवा ढकलणाऱ्या पंख्याचा पट्टा बदलला, ज्योतीपाशी साचलेली घाण काढली, दिसणाऱ्या फटींत लुकण भरलं आणि हात पुसत वर आला.

"होटनच्या पोराला म्हणावं, हे जुनं लोखंड आहे. आपल्या सगळ्यांना पोचवून मग जाईल."

"तडा?" मी विचारलं.

"कुठला तडा! मला तरी दिसला नाही." तो खुर्ची ओढून बसला. "पाव आहे का गं, सिल्वी?"

अगदी थोडक्या पैशांत काम झालं. सिल्वी खूश झाली आणि खालचा आवाज त्या दिवसापासून वाढला.

नाताळाला तिची धाकटी बहीण हेल्मी डिट्रॉइटहून राहायला आली. ही शाळेत गणित शिकवणारी, भुताखेतांवर कपाळाला आठ्या घालणारी. मला बरं वाटलं, म्हटलं आता सिल्वी ताळ्यावर येईल. दोन-तीन दिवसांतच हेल्मीच माझ्याकडे आली. ओठ पांढरे पडलेले.

"डेल्फीन, मी तुम्हाला वेडी वाटेन."

"तुम्हीपण ऐकलंत?"

"ऐकलं नाही. बघितलं. दुपारी आडवी झाले होते. तो पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. खाणीतली टोपी घातलेली. माझ्याकडे बघत नव्हता, जमिनीकडे बघत होता." तिने स्वतःचे हात चोळले. "मला उठताच येईना. हातपाय माझे नव्हतेच जणू."

हे गावभर झालं. दोघींना दिसलं म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? चर्चमधल्या बायका तिच्या दारावरून जाताना पलीकडच्या बाजूने जाऊ लागल्या. पाद्री येऊन प्रार्थना म्हणून गेले आणि जाताना त्यांनीही कपाळ चोळलं. सिल्वी मात्र बहिणीवर रुसली. "माझ्यासमोर एकदा नाही आला. तुझ्यासमोर आला!"

वर्ष संपता संपता एका सकाळी मी दार ठोठावलं तर कुणी उघडेना. मी ओन्नीला हाक मारली. त्याने खांद्याने दार लोटलं. हेल्मी न्हाणीघराच्या दारात पडलेली, सिल्वी टेबलावर डोकं टेकून. ओन्नीने मागचं-पुढचं काही न बघता दोघींना ओढत बर्फात आणलं. सिल्वी वाटेत पुटपुटत होती, "थांब ना. येतोय तो."

हॅनकॉकच्या इस्पितळात एका म्हाताऱ्या डॉक्टरने दोघींचे लालबुंद गाल बघितले आणि पहिला प्रश्न विचारला: "घरात भट्टी कसली आहे?" रक्त तपासलं. रक्तात धुराचं विष होतं. ना रंग, ना वास. आणखी तास-दोन तास गेले असते तर उठल्या नसत्या, म्हणाला. ते विष चढलं की डोकं दुखतं, मळमळतं, नसलेले आवाज ऐकू येतात, नसलेली माणसं दिसतात. हेल्मीने हे ऐकून सुटकेचा श्वास टाकला. सिल्वीने भिंतीकडे तोंड केलं.

गॅसवाल्यांनी घरात येऊन गॅस बंद केला आणि भट्टीवर 'पेटवू नका' असा लाल पत्रा टांगला. नळ गोठून फुटू नयेत म्हणून ओन्नीने घरातलं सगळं पाणी सोडून दिलं, तरी स्वयंपाकघरातला एक फुटलाच. हेल्मी बरी होऊन परत गेली. सिल्वी आमच्या मधल्या खोलीत राहायला आली. डोकं दुखायचं थांबलं होतं, शब्द सापडत होते. चेहरा उतरला होता. खिडकीत बसून ती आपल्या काळोख्या घराकडे बघायची.

"नवी भट्टी सांगू या ना," मी म्हणायची.

"घाई काय आहे?"

जानेवारीत एका दुपारी मी बटाटे सोलत होते. सिल्वी चर्चच्या शिवणवर्गाला म्हणून चांगले कपडे घालून गेली होती. सहज मान वर केली तर तिच्या धुराड्यातून धूर निघत होता.

मी चप्पल बदललीच नाही. गुडघ्याएवढ्या बर्फातून तशीच धावले. मागचं दार नुसतं लोटलेलं. तळघराचा दिवा चालू. जिन्यावरून मी खाली बघितलं तर सिल्वी आर्विदच्या खुर्चीत, भट्टीकडे तोंड करून बसली होती. निळा झगा, गळ्यात मोत्यांची माळ, केस विंचरलेले. लाल पत्रा काढून तिने नीट भिंतीला टेकवून ठेवला होता. गॅस कसा सोडायचा, ज्योत कशी लावायची, हे तिला आर्विदनेच शिकवलं होतं.

"सिल्वी, ऊठ. बाहेर चल."

"दार लाव डेल्फी. हवा येते."

"अगं, विष आहे ते! डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना?"

"ऐकलं की. मी काय वेडी आहे?" ती शांतपणे म्हणाली. "मला ठाऊक आहे तो कसा येतो. पण येतो ना? इस्पितळात मी पोचले नाही. इथे तो माझ्यासाठी आला तर मी उठून जाऊ? एकदा काय ते बोलू दे त्याला. मग बंद करते. शपथ."

मी खाली उतरले, तिच्या काखेत हात घातला. ती जडशीळ होऊन बसली होती, हलेना. गॅसची किल्ली कुठे आहे मला ठाऊक नव्हतं. भट्टीच्या फटींतून जाळ पिवळा, लपलपता दिसत होता. मी तिला ओढत होते, ती खुर्चीचा हात सोडत नव्हती, आणि तेवढ्यात जिन्याच्या वरच्या अंधारात कुणीतरी खोकलं.

तोच खोकला. आधी घशात घरघर, मग लांब, ओढलेला, आणि शेवटी छातीवर हात मारल्यासारखा एक ठोका. माझा हात तिच्या काखेतून सुटला. सिल्वीने मान वर केली. त्या क्षणी तिचा चेहरा कसा झाला ते मी कुणाला नीट सांगू शकलेले नाही. ती विशीतली दिसत होती.

"आर्विद?"

एक पायरी वाजली. मग दुसरी. खाणीतले जड बूट.

"आर्विद, मी निघाले होते रे. रस्ता बंद होता."

बूट थांबले.

"मी आहे, सिल्वी," वरून आवाज आला. "ओन्नी."

बर्फातल्या माझ्या खुणा बघून तो मागोमाग आला होता. एकाच खाणीची धूळ, एकच खोकला. इतकी वर्षं त्याच्या शेजारी झोपूनही मी तो ओळखला नव्हता. ओन्नी खाली आला, त्याने भट्टीमागे हात घालून गॅस बंद केला. मग तो सिल्वीसमोर उकिडवा बसला. तो फार बोलणारा माणूस नाही.

"त्याला ठाऊक होतं रस्ता बंद होता ते," तो म्हणाला. "वादळ सगळ्यांनाच दिसत होतं."

सिल्वी रडायला लागली. मार्चपासून साठलेलं. आम्ही तिला दोन्ही बाजूंनी धरून वर नेलं, बर्फात उभं केलं, आणि ती तिथेच कितीतरी वेळ मोठमोठ्याने रडत राहिली. गल्लीतले लोक दारात आले. 

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच होटनला फोन लावला. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाकडूनसुद्धा भाव काढू. दोघांकडून काढला, फारसा फरक नव्हता. ती म्हणाली, "जो खरं बोलला त्यालाच देते. उद्धट असला तरी." आर्विदचा ट्रक विकून तिने पैसे उभे केले. नोव्हेंबरात ऐकलं असतं तर तेवढ्यातच भागलं असतं. आता इस्पितळाचा आणि फुटलेल्या नळाचा खर्च वेगळाच. ऊर्होने आपले पैसे परत आणून दिले. दारातच उभा राहिला, पाव खायला आत आला नाही. त्या वर्षी त्याने कुणाच्या भट्टीला हात लावला नाही.

बोड्रीच्या माणसांनी जुनी भट्टी तुकडे करून वर आणली आणि अंगणात टाकली. सिल्वी कोट घालून बाहेर आली.

"आता दाखवा," ती बोड्रीला म्हणाली.

 गुडघे टेकून त्याने आतल्या पेटीत टॉर्च धरला. बाहेरच्या बाजूला, सांध्याच्या खाली, केसासारखी उजेडाची एक रेघ उमटली. हातभर लांब. ऊर्होने लुकण भरलेलं होतं ते दुसरीकडेच.

सिल्वीने हातमोजा काढला आणि त्या रेघेवरून बोट फिरवलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. लोखंड इतकं थंड होतं की बोट चिकटलं असतं.

"एवढ्याशातून," ती म्हणाली.

बोड्रीला वाटलं ती धुराबद्दल बोलतेय. "एवढंसं पुरतं, बाई," तो म्हणाला. "माणसं विचारतात, अजून एक हिवाळा चालेल का. मी काय सांगू? मीसुद्धा तुम्हाला तेव्हाच दाखवायला हवं होतं."

नवी भट्टी लहान, करड्या रंगाची, कपाटासारखी होती. पेटली तरी कळायचं नाही, नुसतं गुणगुणायची. काचा कोरड्या झाल्या. सिल्वीने नवी झाडं आणली. तिची तब्येत सुधारली, वजन वाढलं, शिवणवर्गाला खरोखर जाऊ लागली. पण पहिल्या उन्हाळ्यानंतर भट्टी पुन्हा सुरू करायची वेळ आली तेव्हा तिने मला बोलावलं.

"एकटीने नाही पेटवायची मला," ती म्हणाली.

आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो. तिने भिंतीवरची कळ फिरवली. खाली बारीकसं गुणगुणणं सुरू झालं, जाळीतून ऊब येऊ लागली. सिल्वी जाळीपाशी गेली, गुडघ्यांवर बसली, कान लावला.  ती बराच वेळ तशीच होती. मग हाताने आधार घेत उठली, झग्याचे गुडघे झटकले.

"स्वच्छ हवा आहे," ती म्हणाली, आणि कणीक मळायला घेतली.